झाकण उघडू नये

आमच्या घरात स्लो कुकर आला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला साधा कुकरही लावता येत नव्हता. येत नव्हता, कारण शिकले नव्हते, आणि शिकले नव्हते ते ठरवून. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी घरात जाहीर केलं होतं की केवळ मुलगी आहे म्हणून मी पोळपाटाला हात लावणार नाही. बाबा म्हणाले, "बरं." आई म्हणाली, "नको लावूस." माझी दुसरी कुठलीही मागणी इतक्या पटकन मान्य झालेली नाही. त्या पटकनपणाचा संशय मला तेव्हा यायला हवा होता. आला नाही.

मी भाडेकरूंच्या एका संघटनेत काम करते. चाळी पाडून टॉवर बांधतात तेव्हा चाळीतल्या माणसांचं काय होतं, यावर पत्रकं लिहिणं हे माझं मुख्य काम. पत्रकाचे नियम मला पाठ आहेत: मागणी पहिल्या वाक्यात, विशेषणं कमी, आणि शेवटी माणसाने नेमकं काय करायचं ते सांगायचं. ही पत्रकं चिंचपोकळीच्या एका गाळ्यातल्या छापखान्यात छापली जातात, आणि तिथल्या मशीनवर माझे बाबा असतात. ते माझं प्रत्येक पत्रक वाचतात. अभिप्राय एकच असतो. "टाइप लहान आहे."

आम्ही तिघं घोडपदेवला राहतो. तिसरा मजला, एक खोली, आत मोरी, वर पोटमाळा. पोटमाळ्यावर मी.

आई लालबागच्या एका छोट्या प्रसूतिगृहात आया आहे. बाळ जन्मलं की ते पुसायचं, तोलायचं, गुंडाळायचं आणि बापाच्या हातात द्यायचं. वेळ किती, वजन किती, मुलगा की मुलगी, हे आई तोंडाने सांगते आणि टेबलापलीकडे बसलेली दहावी पास मुलगी ते रजिस्टरमध्ये लिहिते. आईची शाळा नववीत सुटली होती. एकोणीस वर्षं ती सांगत होती आणि दुसरं कोणीतरी लिहीत होतं. मग लिहिणारी लग्न होऊन जाणार असं ठरलं आणि डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "दहावी करा, रजिस्टर तुमचं."

आईने परळच्या रात्रशाळेत नाव घातलं. आम्हाला विचारलं नाही. फॉर्म भरून झाल्यावर दाखवला, तोही शाईचे डाग पडलेत का ते बघायला.

शाळा साडेसहा ते नऊ. आणि बाबांचं जेवण आठला.

इथे बाबांवर अन्याय नको. त्यांना साखर आहे. आठच्या आत गोळी आणि गोळीवर जेवण, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. पण सकाळचं रात्री चालणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. ते बाबांचं स्वतःचं. त्यांच्या आईने त्यांना कधी शिळं वाढलं नाही, म्हणून माझ्या आईनेही वाढू नये, असा तो वारसाहक्क आहे.

तेव्हा आई साडेपाचला घरी यायची, उभ्याउभ्या स्वयंपाक करायची, झाकून ठेवायची आणि परळला पोचेपर्यंत सात वाजायचे. पहिला तास गणिताचा. दीड महिना झाला तरी आईने गणिताचा एकही तास पूर्ण ऐकला नव्हता. मास्तरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, असं नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई कणीक मळता मळता म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

माझं डोकं फिरलं. मी बाबांकडे वळले.

"बाबा, तुम्ही स्वयंपाक का करत नाही?"

"येत नाही."

"शिका."

"तू?"

"माझा तत्त्वाचा प्रश्न आहे."

बाबांनी पेपरची घडी घातली. "माझाही तसाच धर."

आई म्हणाली, "दोघं जरा सरका, पोळ्या लाटायच्यात."

स्लो कुकर दादरहून आला. संघटनेतली एक मैत्रीण कॅनडाला चालली होती आणि घर रिकामं करत होती. तिने मला दोन कुंड्या आणि हे यंत्र दिलं. कुंड्या मेल्या. यंत्र पांढरं, लांबट गोल, आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटन आणि एक लाल दिवा. ते मंद आचेवर दहा-बारा तास शिजवतं. जळत नाही, उतू जात नाही, समोर कोणी उभं राहावं लागत नाही. मी ते चिंचपोकळी स्टेशनपासून कडेवर घेऊन चालत आले. रस्त्यात दोन बायकांनी विचारलं, काय गं, किती महिन्यांचं?

घरी येऊन मी भाषण केलं. सकाळी आठला घालायचं, रात्री आठला तयार. आईने कामावरून परस्पर शाळेत जायचं. बाबांनी बेकरीतून पाव आणायचे, झाकण उघडायचं आणि वाढून घ्यायचं.

बाबांनी एकच हरकत घेतली. "म्हणजे सकाळी केलेलं ना?"

"नाही. सकाळी सुरू केलेलं. होतं आठला."

बाबांनी विचार केला. खरोखर केला, मिनिटभर. मग म्हणाले, "मग ते ताजं."

एवढ्या मोठ्या वारसाहक्काचा निकाल एका क्रियापदावर लागला. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकलो.

रविवारी चाचणी घेतली. आईने काळे वाटाणे रात्रीच भिजवले होते. तिने सांगितलं तसं मी कांदा चिरला, वाटण घातलं, मालवणी मसाला घातला. माझ्या तत्त्वाला यात बाधा येत नव्हती, कारण मी स्वयंपाक करत नव्हते, यंत्र चालवत होते. दिवसभर मी त्याच्या शेजारी बसून प्रुफं तपासली. संध्याकाळी वाटाणा बोटांत धरला की लोण्यासारखा चेपला जात होता. बाबा दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "बरं आहे." आमच्याकडे 'चांगलं आहे' हे पाहुण्यांच्या घरी म्हणतात. 'बरं आहे' म्हणजे खरं.

सोमवारी वाटाणे कच्चे निघाले.

कच्चे म्हणजे थोडे कडक नव्हेत. ताटात टाकले तर वाजतील असे. आठ वाजले होते, बाबांनी गोळी घेतली होती आणि समोर कोमट पाण्यात गोट्या. त्यांनी पाव आणि फरसाण खाल्लं. आई सव्वानऊला आली, तिने एक वाटाणा चावला, थांबली, आणि म्हणाली, "आमसूल कधी घातलंस?"

"सुरुवातीलाच."

"आंबट आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, बाय. आमसूल शेवटी."

मंगळवारी मी आमसूल घातलंच नाही. कच्चे. बुधवारी मसूर लावला, जो म्हणे नुसत्या दमदाटीनेही शिजतो. तोही अर्धा कच्चा आणि वर पाणीच पाणी. बाबांचा सलग तिसरा दिवस फरसाणावर. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त साखर तपासायचं यंत्र काढलं, बोट टोचलं आणि आकडा आईला दाखवला. गुरुवारी आई शाळेत गेली नाही. शुक्रवारीही नाही. साडेपाचला घरी आली, गॅस पेटवला आणि वही फ्रिजवर ठेवली.

मी चौकशी लावली. संघटनेत आम्ही हेच करतो, दोषी शोधतो. तळमजल्यावरच्या वायरमनला दाखवलं. त्याने उलटं करून बघितलं आणि म्हणाला, "ताई, यात बिघडायला काय आहेच नाय. एक तार आहे, तापते." मग उरले बाबा.

"तुम्ही मधे बटन बंद करता का?"

"मी दिवसा घरी असतो का?"

"जाताना?"

"हे बघ," बाबा म्हणाले, "तुझ्या त्या यंत्राशी माझी अजून ओळखही नाही."

पुढच्या आठवड्यात एका मोर्च्यात घोषणा देऊन माझा घसा पार बसला. आवाज नावाला उरला नाही. म्हणून मंगळवारी मी घरी राहिले आणि पोटमाळ्यावर पडून पत्रक लिहू लागले. खाली यंत्र सुरू होतं, कारण मी ते रोज लावतच होते. आई कामावर निघाली, चपला घातल्या, दाराला नुसती कडी लावली आणि शेजारच्या दारात बसलेल्या काकूंना म्हणाली, "वहिनी, बघा हां जरा."

हे वाक्य मी जन्मल्यापासून रोज ऐकत आलेय, त्यामुळे ते मला ऐकूच येत नाही. आमच्या मजल्यावर घर सोडताना प्रत्येक बाई ते शेजारणीला म्हणते. गॅसवरचं दूध, नळाखालचा ड्रम, दोरीवरचे कपडे, पाळण्यातलं पोर, सगळं त्या एका वाक्यात येतं. लहानपणी मीही त्यात येत होते. ऐकणारीने मान हलवायची आणि खरोखर बघायचं. कोणाचं दूध उतू गेलं तर ते शेजारणीच्या नावावर जातं.

नऊ वाजता काकू कडी काढून आत आल्या. थेट यंत्राकडे. झाकण उचललं, वाफेत तोंड घालून वास घेतला, डावाने तळापासून ढवळलं, एक वाटाणा काढून बोटांत दाबला, नाक मुरडलं, झाकण ठेवलं आणि गेल्या.

साडेनऊला टोकाच्या खोलीतले पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा आले. त्यांचे डोळ्यांचे थेंब आमच्या फ्रिजमध्ये असतात. थेंब घेतले आणि जाता जाता झाकण उचलून बघितलं. दहाला काकू परत. साडेदहाला काकू एका बाईंना घेऊन आल्या, "ही बघ ही इजेवरची चूल," म्हणत झाकण उचलून तिच्यापुढे धरलं, आणि दोघी त्या वाफेवर एका लग्नाबद्दल बराच वेळ बोलल्या. साडेअकराला आजोबा थेंब परत ठेवायला आले.

यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत एक वाक्य ठळक छापलं होतं आणि मी ते वाचलं होतं. झाकण उघडू नये. एकदा उघडलं की आतली सगळी ऊब जाते, ती परत यायला अर्धा तास लागतो. मी पोटमाळ्यावर पडून पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारत होते. इतर येणारे-जाणारे धरून साडेबारापर्यंत अकरा रेघा झाल्या.

मग काकू तांब्या घेऊन आल्या आणि त्यांनी झाकण काढून त्यात दोन पेले गार पाणी ओतलं.

मी ओरडले. घसा बसलेला, त्यामुळे वरून नुसतं 'च्यूं' असं काहीतरी आलं. काकूंनी वर बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "उंदीर झालेत."

मी शिडीवरून उतरले. काकूंना दचकायला वेळ लागला, कारण त्या पाणी ढवळत होत्या.

"काकू! काय करताय?"

"अगो, तू घराकच? आवाज खंय गेलो तुझो?"

"पाणी का घातलंत?"

"आटात म्हणान घातलंय. किती वेळ झालो, नुसता तापताहा."

"झाकण उघडायचं नसतं! तुम्ही सारखं उघडता म्हणून शिजत नाही ते!"

काकूंनी डाव खाली ठेवला. त्या सत्तरीच्या आहेत, कणकवलीकडच्या, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं खानावळ चालवली. शिजण्याबद्दल त्यांना कोणी काही सांगावं असा प्रसंग बहुधा पहिलाच असावा.

"तुझी आवस रोज सांगून जाता, बघा म्हणान. मगे मी बघूचा नाय?"

"बघा, पण वरून बघा. काचेचं आहे ते."

"काचेर वाफ आसा. झाकान काढल्याशिवाय शिजला काय नाय ता माका कसा कळतला?"

मी पुस्तिका आणून दाखवली. ठळक वाक्यावर बोट ठेवलं. काकूंनी ती हातभर लांब धरून बघितली.

"ह्या कोणी लिवल्यान?"

"कंपनीने."

"कंपनीक काय म्हायत आमचे वाटाने?"

मी पुस्तिका परत घेतली आणि झाकण नीट बसवलं.

संध्याकाळी आई घरी आली. ती आता रोज घरीच येत होती. मी तिला पकडलं.

"तू रोज काकूंना 'बघा' म्हणतेस?"

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस!"

"काही न बोलता जाऊ?" आई खरोखर गोंधळली. "काय वाटेल त्यांना? आणि त्यांचे मासे आपल्या फ्रिजमध्ये असतात."

"मग कुलूप लाव."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी तो मुद्दा मागे घेतला. आमच्या मजल्यावर दिवसा कुलूप दोनच वेळा लागतं: सगळे गावाला गेले तर, आणि शेजाऱ्यांशी उभं वैर झालं तर. संघटनेच्या सभांमध्ये मीच सांगत असते की टॉवरमध्ये बंद दारं मिळतील, चाळीतली उघडी दारं मिळणार नाहीत. पत्रकातही छापलंय. तिसरा मुद्दा.

तेव्हा मी मला येत होतं ते केलं. सूचना लिहिली. बाबांनी ती पिवळ्या कार्डावर छापून आणली, टाइप एवढा मोठा की पलीकडच्या इमारतीतून वाचता यावा.

"कृपया या भांड्याचे झाकण उघडू नये. उघडल्यास अन्न शिजत नाही. अन्न न शिजल्यास या घरातील बाई शाळेत जाऊ शकत नाही. सर्वांनी सहकार्य करावे."

मला ती आजही चांगली वाटते. मागणी पहिल्या वाक्यात आहे, कारण आहे, परिणाम आहे.

ती वाचायला सगळा मजला आला. आजोबांनी 'कृपया' नंतर स्वल्पविराम हवा का यावर चर्चा काढली. तळमजल्यावरच्या एक बाई, ज्यांना गुडघ्यांमुळे कोणी वर्षभर जिना चढताना बघितलं नव्हतं, त्या दोन ठिकाणी टेकत तीन मजले चढून आल्या. सूचना वाचली. एवढं वर आलोच आहोत तर आत काय आहे ते न बघता कसं जायचं, म्हणून झाकण उचललं. हे मला आजोबांनीच सांगितलं, कारण तेव्हा तेही तिथे होते. त्या दिवशीची चवळी गेल्या सगळ्या दिवसांपेक्षा कच्ची होती.

आई उशिरा का होईना पुन्हा शाळेत जात होती, चुकलेलं गणित रात्री घरी सोडवत होती, आणि तिची सराव परीक्षा जवळ आली. आठवडाभर संध्याकाळी पेपर, गुरुवारी बीजगणित, शुक्रवारी भूमिती. सराव परीक्षेला बसलं नाही तर शाळा बोर्डाच्या परीक्षेला पाठवत नव्हती. बोर्ड नाही म्हणजे दहावी नाही, आणि लिहिणाऱ्या मुलीच्या जागी डॉक्टरबाई दुसरी लिहिणारी बघणार होत्या. आईने रविवारी कपडे वाळत घालताना सांगितलं, "या आठवड्यात एकदा जरी ह्यांना फरसाण खावं लागलं, तर मी बंद करते. माणसाचे पाय सुजलेत."

बाबांचे पाय खरंच सुजले होते. मला पायांवर पत्रक काढता येईना.

सोमवारी सकाळी आईने चपला घातल्या, कडी लावली आणि काकूंना म्हणाली, "वहिनी, दिवा बघा हां जरा."

काकूंनी वर बघितलं. "खंयचो दिवो?"

"त्या भांड्याचा. लाल दिवा आहे ना पुढे? तो चालू राहायला हवा. तेवढा बघा. बाकी भांड्याचं काही बघू नका, दिव्यावर लक्ष ठेवा. तो गेला तर घोटाळा."

"बरा," काकू म्हणाल्या.

सोमवारी वाटाणे शिजले. मंगळवारी चवळी शिजली. बुधवारी मसूर एवढा शिजला की ओळखू येईना. काकू दर अर्ध्या तासाने येत होत्या, कमरेत वाकून दिव्याकडे बघत होत्या आणि परत जाऊन दारात बसत होत्या. दुसरं कोणी झाकणाला हात लावू लागलं तर त्या म्हणायच्या, "झाकान नाय, दिवो बघ." सबंध मजला दिवा बघत होता. मी बुधवारी रात्री बाबांना म्हणाले की शेवटी सूचनेचा परिणाम झाला. बाबा म्हणाले की सूचना रविवारपासून दह्याच्या पातेल्यावर आहे, आईला झाकण हवं होतं.

गुरुवारी बीजगणित. आई कामावरून परस्पर परळला जाणार होती. सकाळी तिने मला विचारलं, "तू आज साडेसातपर्यंत येशील ना? काही कमी-जास्त झालं तर?"

"येईन. तू फक्त पेपर बघ."

सभा लालबागला होती, सहाची. बिल्डरच्या माणसाने उत्तर द्यायला पाऊण तास घेतला आणि त्यात काही नव्हतं, मग मी बोलले, मग मला उत्तर दिलं, मग मी परत बोलले. फोन बंद करून पिशवीत टाकला होता. घड्याळ बघितलं तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी टॅक्सी केली, जी मी कधी करत नाही, आणि तीन मजले धावत चढले.

बाबा जेवून हात धूत होते. यंत्र जागेवर, दिवा चालू, भांड्यात वाटाण्यांची आमटी, वरून वाफ. मी डाव घालून एक वाटाणा दाबला. लोणी. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बसले आणि बोलायला लागले. हेच मी म्हणत होते, योग्य साधन मिळालं की प्रश्न सुटतो, यावर लिहिलं पाहिजे, घराघरात कामावर जाणाऱ्या बायका आहेत.

बाबांनी हात पुसले. "यंत्र चांगलं आहे," ते म्हणाले. "शिट्ट्याही होतात त्याला."

"याला शिट्ट्या नसतात, बाबा."

"आज चार झाल्या." त्यांनी भिंतीकडे मान वळवली. "शेजारी."

मी काकूंच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"काकू, काय झालं?"

"काय होतला? दुपारी एकाक दिवो गेलो. सगळ्या चाळीची लाइट गेली. पाच वाजले तरी नाय." त्यांनी एक खडा बाहेर टाकला. "तुझ्या आवशीन दिवो बघूक सांगल्यान. मी बघलंय. गेलो. फुडे काय करूचा, ता कोणी सांगूक नाय."

"मला फोन करायचा."

"केलंय. बंद. तिका कसो करतलंय, तिचो पेपर." दुसरा खडा. "मगे वतलंय माझ्या कुकरात, नि काढलंय चार शिट्यो. मगे तुमच्या भांड्यात परत घालून ठेवलंय. साडेसातांक लाइट इली, तेवा ता तुमचा बटन चालू केलंय. दिवो लागलो."

"पण परत त्यात का घातलंत? तसंच द्यायचं."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "तुझो बापूस त्या भांड्यात बघतलो ना, आठाक?"

आठ वर्षं मी हात लावत नव्हते म्हणून आई दोघींच्या वाट्याचं करत होती. आज आई नव्हती, तर आमच्या घराचं काकू करत होत्या. दिवसभर मी आणि बाबा, दोन धडधाकट माणसं, आपापल्या कामावर होतो आणि आमच्या जेवणाला एक सत्तरीची बाई शिट्ट्या काढत होती, कारण तिला कोणीतरी 'बघा' म्हटलं होतं. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर दोषी म्हणून नावं कोणाची आली असती, ते मला दिसत होतं.

"काकू, थँक यू," मी म्हणाले.

"पुरे. ता थँक यू तुमच्या सभेत."

सव्वानऊला आई आली. चेहऱ्यावरून काही कळेना. तिने पाय धुतले आणि पाटावर बसली. पर्समधून प्रश्नपत्रिका काढून मांडीवर पसरली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग उठून स्वतःच ताट घेतलं. वाढताना त्यांनी एवढी आमटी घातली की ती काठावरून जमिनीवर आली. आईने पायाने फडकं ओढून ते पुसलं आणि वाचत राहिली.

"आज काय आहे?" तिने वर न बघता विचारलं.

हा प्रश्न आमच्या घरात ती सोडून सगळे विचारतात. मी सांगितलं, वाटाण्याची आमटी. ती जेवू लागली. दिवा गेल्याचं, शिट्ट्यांचं आम्ही दोघांनीही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिला सांगितलंच, पण ते दुसऱ्या दिवशी.

"तिसऱ्यातला 'ब' चुकला," आई म्हणाली. "चिन्ह उलटं केलं. पण बाकी आलं. सगळं आलं नाही, पण आलं."

"पास होशील?" बाबांनी विचारलं.

"बीजगणितात होईन." तिने पावाचा तुकडा आमटीत बुडवला. "आज अडीच तास एका जागी बसले होते. कोणी हाक मारली नाही."

मग बाबांनी भांड्यात डोकावून बघितलं, झाकण परत ठेवलं आणि विचारलं, "उद्या काय घालायचं यात?"

"मला नका विचारू," आई म्हणाली. "उद्या भूमिती आहे."

तिने ताट बाजूला सारलं, वही उघडली आणि कंपास शोधू लागली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. डब्यात चवळी होती, हे आम्हा दोघांना दिसत होतं. ती भिजवायची असते, एवढंही माहीत होतं. किती, कशात, आणि पाणी गार की गरम, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"काकूंना विचार," बाबा म्हणाले.

"मी आत्ताच जाऊन आले. तुम्ही जा."

"मी काय विचारू त्यांना?"

"हेच."

आईने वहीवरून नजर न काढता सांगितलं, "हळू बोला."

बाबांनी लेंगा सारखा केला. चवळीचा डबा काखेत धरला. शेजारचं दार दोन पावलांवर, तरी त्यांनी चपला घातल्या. मग बाहेर गेले आणि काकूंच्या चौकटीत उभे राहून, जरा खाकरून म्हणाले, "वहिनी, जरा बघता का?"

काकू आतून ओरडल्या, "दिवो काय?"

"नाही," बाबा म्हणाले. "चवळी."